पुसलेला बुधवार

१

खट्.

दुपारच्या शांततेत पेटीची कडी उघडली आणि मी श्वास रोखून बाळाकडे पाहिलं. त्यानं ओठ चोखल्यासारखे केले, मूठ मिटली आणि झोप पुढे चालू ठेवली. आठ महिन्यांच्या बाळाची झोप म्हणजे उधारीवर मिळालेला वेळ असतो. कधी परत मागेल, नेम नाही. दुसरी कडी मी अंगठ्यानं दाबून धरत उघडली.

ही पेटी माझ्या शिलाई मशीनची. बाळाच्या आधी मी लहान मुलांचे कपडे शिवून देत असे आणि येत्या महिन्यापासून पुन्हा सुरू करणार होते. सकाळी ऑफिसला जाताना नवरा म्हणाला होता, भिंगरीच्या फ्रॉकची शिवण उसवलीय, आज मशीन काढच. भिंगरी म्हणजे आमची थोरली, साडेचार वर्षांची, एका जागी न ठरणारी. म्हणून जिन्याखालच्या खोलीतून मी पेटी ओढत आणली होती. नेहमीसारखीच जड.

झाकण उचललं. आत जुनी चादर गुंडाळलेली. चादर उलगडली तर दोन पेव्हर ब्लॉक. गाडी लावायच्या जागेत जमिनीवर बसवतात ना, तसले. लाल, कोरे, कडा न झिजलेले.

मशीन नव्हती.

मी तिथेच फरशीवर बसले. पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली ती माझी पहिली मोठी वस्तू. या घरात माझी म्हणता येईल अशी एकुलती एक. आणि कुणीतरी ती नेली होती. नुसती नेली नव्हती, नंतर दगड मांडून, चादर पांघरून, कड्या लावून मला वेड्यात काढलं होतं. मागच्या अंगणात कामाला येणारी मावशी दोरीवर कपडे झटकत होती. तिला हाक मारायला मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी ब्लॉककडे पाहिलं. मग खिडकीतून अंगणाकडे पाहिलं.

२

मावशी आमच्याकडे साडेचार वर्षं होती. भिंगरीची पहिली आंघोळ तिनं घातली आणि बाळाचीही. सकाळी नऊ ते पाच आमच्याकडे, त्याआधी एका घरी स्वयंपाक, नंतर दुसऱ्या घरी.

पेटी मी याआधी उघडली होती अकरा दिवसांपूर्वी, एका रविवारी, सुया काढायला. मशीन तेव्हा जागेवर होती. म्हणजे चोरी त्या अकरा दिवसांतली. संध्याकाळी हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. नवरा म्हणाला, मग सोपं आहे, बाहेर चार कॅमेरे कशाला लावलेत. तो वरच्या खोलीत गेला. तिथे कपाटावर रेकॉर्डर ठेवलेला असतो. तासाभरानं तो खाली आला. अकरा दिवसांचं सगळं पळवत पळवत पाहिलं म्हणाला. फाटकातून परकं कुणी आलं नाही, मशीनएवढी वस्तू घेऊन कुणी गेलं नाही.

"फक्त परवा संध्याकाळी मावशी मोठी पिशवी घेऊन जाताना दिसते," तो म्हणाला. "पण तिच्यात काय होतं, ते काही दिसत नाही."

मी म्हटलं, तिच्यात बाळाचे लहान झालेले कपडे होते. तिला नात झालीय, मीच दिले. सासूबाई म्हणाल्या, वर कपडे आणि खाली काय, ते तू हात घालून पाहिलंस का.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मावशीला दारातच थांबवलं. पोलिसांत देत नाही हे उपकार समज, उद्यापासून यायचं नाही, असं सांगितलं. भिंगरी माझ्या पायाला बिलगली होती. मावशी का येणार नाही, असं तिनं विचारलं तेव्हा आजीनंच तिला उत्तर दिलं, की दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली की असंच होतं.

मावशी रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. बाळ खांद्यावर होतं आणि मी त्याची पाठ थोपटत राहिले. जणू त्याची ढेकर काढण्याइतकं महत्त्वाचं काम त्या क्षणी जगात दुसरं नव्हतं.

ती गेल्यावर सासूबाईंनी, आपलं सावधगिरी म्हणून, तिच्या दुसऱ्या दोन घरी फोन केले.

३

शनिवारी मी भिंगरीला शाळेत सोडलं आणि बाळाला पोटाशी बांधून तशीच मावशीच्या घरी गेले. एक खोली, अर्ध्या भिंतीपलीकडे मोरी, खिडकीत घासूनपुसून उपडे घातलेले डबे. बाळाला बघून तिचे हात आपोआप पुढे आले आणि मग तिनं ते मागे घेतले. एवढा राग मला कधी आला नव्हता. कुणाचा, तेच नीट कळत नव्हतं.

मी नुसतं विचारलं, त्या अकरा दिवसांत तू कुठे कुठे होतीस ते सांग.

ती म्हणाली, तुम्हाला माहीत नाही का. त्याच रविवारी दुपारी मी तुमच्याकडून निघाले, लेकीच्या बाळंतपणाला. बुधवारी पहाटे नात झाली. पुढच्या सोमवारी कामावर आले. दवाखान्याचा कागद आहे, दाखवू का.

मी नको म्हटलं. तिनं तरी दाखवला. मग तिनं सांगितलं की बाकीच्या दोन्ही घरांनी सोमवारपर्यंत थांब म्हटलंय. तुमच्याकडचं मिटलं तर ये, नाही तर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल.

"आता काम मागायला कुठं जाणार मी? चोर म्हटल्यावर चौथं दार उघडत नाही, ताई."

"मी शोधते," मी म्हटलं.

"शोधा. पण त्या दिवशी तुम्ही काय बोललात, ते मला ऐकू आलं नाही."

मी काहीच बोलले नव्हते, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

४

घरी आले ती सरळ वरच्या खोलीत. रेकॉर्डरचा पासवर्ड फक्त नवऱ्याला आणि माझ्या दिराला माहीत. दीर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, जिभेला हाड नसलेला. महिन्यापूर्वी मोटारसायकलवरून पडला तेव्हापासून उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याला पासवर्ड विचारला तर म्हणाला, वहिनी, सीआयडीत भरती झालात काय. मग म्हणाला, दादाचं नाव आणि एक-दोन-तीन, चोरालाही दया येईल असला पासवर्ड आहे.

मी कॅलेंडर उघडलं. ज्या दिवसांचं चित्रण असतं ते आकडे निळे दिसतात. आज निळा, काल निळा, परवा निळा. असं मागे मागे गेले आणि मागच्या शनिवारी येऊन थांबले. त्याच्या आधी काहीच नव्हतं. शुक्रवार नाही, गुरुवार नाही. मशीन नाहीशी झाली असू शकेल ते सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे कोरे करकरीत.

कॅमेरे घ्यायचे ठरलं तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर होते. भिंगरीच्या लसीकरणाच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर मी यादी केली होती. फाटकावर एक, गाडीच्या जागेवर एक, मागच्या दारावर एक, बाजूच्या गल्लीवर एक. वायरवाले हवेत, वाय-फायवाले नकोत, कारण वाय-फाय गेलं की तेही गेले. अंधारात दिसणारे, पावसात टिकणारे. आणि रेकॉर्डरला मोठी डिस्क, महिनाभराचं राहील एवढी. ही यादी मी नवऱ्याच्या हातात दिली आणि दवाखान्यात भरती झाले. घरी आले तेव्हा कॅमेरे लागलेले होते. यादीबरहुकूम घेतलंय म्हणाला होता.

महिनाभराचं राहायला हवं होतं आणि आठवडाच उरला होता. म्हणजे कुणीतरी पुसलं होतं.

मी दिराला परत बोलावलं. आता त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी कशाला पुसू, तो म्हणाला, मला तुमच्या मशीनमध्ये दोरा ओवता येत नाही. मग त्यानं प्लास्टरचा हात पुढे केला आणि म्हणाला, ती पेटी उचलून दाखवतो बघा डाव्या हातानं. त्यानं खरंच प्रयत्न केला. पेटी जमिनीवरून वीतभर उचलली गेली, तिरकी झाली, आणि आतले ब्लॉक घडघडत एका बाजूला आले.

त्या आवाजानं बाळ उठलं. आणि माझ्या डोक्यातही काहीतरी उठलं. मी दोन दिवस मशीनचाच विचार करत होते. ब्लॉकचा केलाच नव्हता.

५

मागच्याच आठवड्यात आमच्या गाडीच्या जागेत ज्यानं ब्लॉक बसवले त्या गवंड्याचं काम आता मागच्या गल्लीत चालू होतं. मी बाळाला कडेवर घेऊन तिथे गेले. त्याच्या कामात खोट काढायला आले असं वाटून तो आधीच चिडला.

"तो कोपरा ना? मला ठाऊक होतं कुणीतरी येणार. पण माझी चूक नाही ती."

आमच्या फाटकाच्या आत, डाव्या कोपऱ्यात, ब्लॉकऐवजी नुसतं सिमेंट भरलेला एक चौकोन आहे. येता-जाता डोळ्यांत खुपतो. त्याबद्दलच विचारायचं होतं, मी म्हटलं. तो हातातली थापी बाजूला ठेवून सांगू लागला. मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी ब्लॉक गाडीतून उतरवले. त्याआधी आमच्या घरी एकही ब्लॉक नव्हता. तो नेहमी मोजून मागवतो, उरला तर लोक नावं ठेवतात. मंगळवारी संध्याकाळी शेवटची ओळ तेवढी राहिली होती आणि तिच्यापुरते ब्लॉक त्यानं भिंतीशी रचून ठेवले होते. बुधवारी सकाळी येऊन बघतो तर दोन कमी.

"बाहेरच्यानं नेले असतील," मी म्हटलं.

"फाटकाला कुलूप. आणि दोन ब्लॉक नेऊन कोण काय करणार, चूल मांडणार? मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, दोन आणून देतो, तेवढी संध्याकाळ होईल. तर म्हणाले, राहू दे, तुझं मोजणं चुकलं असेल, सिमेंट भरून टाक."

मी परत फिरले. चालता चालता मी एकेक गोष्ट बोटांवर लावत होते आणि बाळ माझी बोटं धरून चोखत होतं.

ब्लॉक आले सोमवारी. मावशी गेली त्याच्या आदल्या दिवशी. दोन ब्लॉक नाहीसे झाले मंगळवारची संध्याकाळ ते बुधवारची सकाळ या वेळात. तेव्हा मावशी दुसऱ्या गावी, लेकीच्या उशाशी. ती परतली तेव्हा एकूण एक ब्लॉक जमिनीत बसून वाळलेला होता. म्हणजे मावशी नाही. यात शंकेला जागाच नाही.

बाहेरचा चोरही नाही. चोर मशीन उचलतो आणि पळतो. पेटीचं वजन तेवढंच राहावं, याची काळजी त्याला कशाला. दर शनिवारी झाडताना मी ती पेटी सरकवते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती काळजी. घरातलंच कुणीतरी. दिराला एका हातानं पेटी उचलवत नाही. सासूबाईंच्या कमरेला पट्टा आहे, त्यांना पाण्याची बादली उचलवत नाही. आणि उरला तो माणूस, जो दुकानदाराशी एका स्क्रूसाठी अर्धा तास हुज्जत घालतो आणि ज्यानं आपल्या दारातला सिमेंटचा डाग निमूट चालवून घेतला. त्या बुधवारी तो पहाटेच गाडी घेऊन दौऱ्यावर गेला होता.

मी रस्त्यातच थांबले. मला ते खरं असायला नको होतं. आणि एक गोष्ट जुळतही नव्हती. त्यानं चित्रण पुसलं असेल, तर शोधायची घाई त्यालाच कशाला होती? गुरुवारीच मशीन काढ, असं त्यानं का सांगावं?

६

रविवारी सकाळी कॅमेरेवाला आला. त्यांना सगळे शिडीवाले काका म्हणतात, कारण शिडीशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही. सासूबाईंनीच बोलावलं होतं. आता नवी बाई येणार, तर आत मुलांच्या खोलीत एक आणि मागच्या अंगणात एक असे आणखी दोन कॅमेरे हवेत. काकांनी पिशवीतून नमुने काढून टेबलावर मांडले. घुमटासारखे, लांबट, आवाज ऐकणारे, मान फिरवणारे. सासूबाईंनी मान फिरवणारा उचलला. याच्या नजरेतून काही सुटणार नाही ना, त्यांनी विचारलं. सासू-सुनांच्या मनातलं सोडून सगळं दिसतं, काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

नवरा चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसला होता. माझ्याकडे पाहत नव्हता.

मी म्हटलं, काका, आधी रेकॉर्डर बघा. कुणीतरी जुनं चित्रण पुसलंय. काका वर गेले, आम्ही सगळे त्यांच्या मागून. दोनचार बटणं दाबून त्यांनी मान हलवली.

"कुणी पुसलं नाही, ताई. डिस्क भरली की सगळ्यात जुना दिवस आपोआप जातो आणि त्याच्या जागी नवा बसतो. छोटी डिस्क आहे ना ही. चार कॅमेरे चोवीस तास म्हणजे सात दिवस, फार तर काही तास जास्त."

"आम्ही महिन्याची सांगितली होती."

"तुमच्या यादीत होती. पण साहेबांनी छोटीच चालेल म्हटलं. मी बजावलं होतं तेव्हाच. परवा परवाही त्यांचा फोन आला, नक्की किती दिवस राहतं म्हणून." ते आठवू लागले. "मागच्या आठवड्यात. बुधवार असेल. मी गाडीतून बोलतोय म्हणाले."

काकांच्या लक्षात आलं की आपण काहीतरी सांडलंय. ते शिडीकडे बघू लागले.

मी नवऱ्याला विचारलं. आवाज चढवला नाही, बाळ कडेवर होतं.

"गुरुवारी तू या रेकॉर्डरमध्ये अकरा दिवसांचं चित्रण पाहिलंस. यात सातच दिवस राहतात. उरलेले चार तू कुठे पाहिलेस?"

तो रेकॉर्डरवरची धूळ बोटानं पुसू लागला.

"बुधवारी पहाटे तू मशीन गाडीत ठेवलीस. कॅमेऱ्यानं ते पाहिलं. तो बुधवार आपोआप पुसला जाईपर्यंत तू थांबलास आणि दुसऱ्याच दिवशी तुला भिंगरीच्या फ्रॉकची शिवण दिसली. चार वर्षांत तुला तिच्या फ्रॉकचा रंग दिसला नव्हता."

"ताईला हवी होती," तो शेवटी म्हणाला. ताई म्हणजे माझी नणंद, पाच तासांच्या अंतरावर राहणारी. तिला शिवणाचा क्लास सुरू करायचा होता, यानं तिला मशीन देतो असं कबूल केलं होतं. "तुझी तर दीड वर्ष झाकूनच होती. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"मला वाटलं, चोरी झाली म्हणू, दोन दिवस वाईट वाटेल, विषय संपेल. मावशीचं असं होईल हे मला काय माहीत? मी तिचं नाव घेतलं नव्हतं."

"घेऊ दिलंस. पिशवी कुणी दाखवली? आणि तिला दारातून परत पाठवलं तेव्हा तू आत दाढी करत होतास."

"तू तरी कुठे तोंड उघडलंस?"

हे खरं होतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. बाळानं माझ्या मानेत तोंड खुपसलं. दीर खिडकीतून बाहेर बघत होता.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, झालं ते झालं, ताईकडून मशीन मागवून घेऊ. मावशीलाही बोलावून घेऊ, सांगू की सापडली एका कोपऱ्यात. घरातली गोष्ट घरात राहू दे.

"तिला चोर म्हटलं ते घरात राहिलं का, आई?" मी विचारलं. "दोन घरी फोन तुम्हीच केलेत."

मी नवऱ्याला सांगितलं, बूट घाल. आधी मावशीकडे, मग त्या दोन्ही घरी. मशीन मी नेली, हे तुझ्या तोंडून, तिच्या देखत. आणि मी गप्प राहिले, ते माझ्या तोंडून. तिला परत ये म्हणायला आपण जात नाही आहोत. तिनं यायचं की नाही, ते ती ठरवेल. सोमवारच्या आत तिचं नाव धुऊन निघालं पाहिजे, एवढंच.

सगळ्यांना सांगायची काय गरज, त्यानं एकदा म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि तो जिना उतरू लागला. काकांनी नमुने पिशवीत भरता भरता हळूच विचारलं, मुलांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं मग काय करायचं. मी म्हटलं, तो नको. त्याच्या पैशांत मोठी डिस्क बसवा.

७

मी बाळाचं टोपडं शोधून खाली आले तेव्हा तो दारापाशी बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली सोडत होता, सोडलेली बांधत होता. भिंगरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. फ्रॉकची उसवलेली शिवण तिच्या गुडघ्यावर लोंबत होती आणि ती दोरा ओढून ओढून तिला आणखी उसवत होती.

मी तिच्या शेजारी टेकले. तिच्या केसांना अजून रात्रीच्या उशीचा वास होता.

"मशीन मावशीनं नव्हती ना नेली?" तिनं विचारलं.

नाही, मी म्हटलं. मावशीनं काहीच नेलं नव्हतं. आपलं चुकलं.

"बाबांनी नेली? न विचारता?"

हो, मी म्हटलं. दारातले हात नाडीवर थांबले.

भिंगरीनं थोडा विचार केला. दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. मग माझ्या कानाशी आली, पण आवाज लहान करणं तिला अजून जमत नाही.

"मग बाबांना पण सांगणार का, उद्यापासून यायचं नाही?"